छत्रीच्या काड्यांचे रूळ

कोंडाजीनं छत्री मोडली ती मोडलीच. पण मोडून वर, "वैनी, काड्या लई सरळ हायेत हो हिच्या," असं कौतुकही केलं, आणि सारजाबाईंना खरा राग त्याचा होता.

छत्री काही साधी नव्हती. सारजाबाईंच्या धन्यांनी, म्हणजे कोंडाजीच्या थोरल्या भावानं, वारायच्या आदल्या साली पुण्याहून आणलेली, वेताच्या मुठीची. शेतात सारजाबाई बाकीच्या बायांसारखं डोक्यावर पानांचं इरलंच घेत. छत्री निघायची ती पौडच्या बाजाराला, आणि उघडायची ती वेशीपाशी, चार माणसं बघतील अशा जागी. आता तिच्या आठच्या आठ काड्या पडवीत जोडीजोडीनं आडव्या पडल्या होत्या आणि वरचं काळं कापड खुंटीला मेल्या वटवाघळासारखं लोंबत होतं.

"अडतीस वर्षं रेल्वेत काढली," ओटीवर तांदूळ निवडता निवडता त्या सुनेला सांगत होत्या. "तितं रूळ कमी पडलं, म्हनून घरी येऊन माज्या छत्रीचं केलं!"

तुळजानं हे सकाळपासून चौथ्यांदा ऐकलं. ती हळूच म्हणाली, "पर आत्याबाई, धाकल्या मामंजींनी इचारलं व्हतं न्हवं?"

"इचारलं? 'वैनी, छत्री बघू का जरा,' म्हनलं. बघू का म्हनल्यावर बघा म्हनतं मानूस. उद्या माजं डोस्कं बघू म्हनलं तर त्ये बी कातरीनं कापतील काय?"

तुळजानं हसू पदरात दाबलं. सारजाबाईंनी ते पाहिलं आणि मनात नोंद केली: ही पण तिकडचीच. कोंडाजीनं तिचा स्टो नीट करून दिला होता, विहिरीच्या रहाटाला तेल घातलं होतं, तेव्हापासून ही सून चुलतसासऱ्याच्या बाजूची झाली होती.

गेल्या दिवाळीत कोंडाजी लोणावळ्याहून आला तो एक लोखंडी ट्रंक आणि हत्यारांची पिशवी घेऊन. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, नोकरी संपलेली. घर त्याचंही होतं, नाही कोण म्हणणार? पण ह्या घराला त्याचा हात कधी लागलाच नव्हता. धरणाचं पाणी चढायला लागलं, जुनं गाव उठलं, तेव्हा सारजाबाईंनी आणि त्यांच्या धन्यांनी घर उतरवून डोंगरापलीकडं ह्या माले गावात आणून पुन्हा उभं केलं. कोंडाजी तेव्हा लोणावळ्यात होता. इंजिनं पुसत. चौतीस वर्षं झाली, पण सारजाबाईंच्या हिशेबी ते कालच झालं होतं.

आल्यावर महिनाभर गप्प बसला, मग पडवीत काहीतरी मांडायला लागला. आधी चिखल आणला. मग तूस मागितलं. मग काडेपेट्या. मग गावभरच्या मोडक्या छत्र्या गोळा केल्या, मुळशीत त्यांना काय तोटा! सारजाबाईंचा मुलगा हैबतराव म्हणाला, चुलता रेल्वेगाडी करतोय, लहानशी, चावीवर चालणारी. सारजाबाई म्हणाल्या, करू दे, पण मी त्या पडवीत पाऊल टाकायची नाही. आणि टाकलंही नव्हतं. कोंडाजी काम झालं की सगळ्यावर घोंगडं टाकायचा, त्यामुळं दारातून जाता येता नजर गेली तरी घोंगड्याचे उंचवटेच दिसायचे.

पण आता वैशाख सरत आला होता. मिरग पंधरा दिवसांवर. आणि पडवी ही पावसाळ्याची लाकडं अन् गोवऱ्या भरायची जागा. एकदा झड लागली की चार महिने वाळकी काटकी मिळत नाही ह्या मुलखात. ज्याच्या पडवीत लाकूड त्याच्या घरी चूल. सारजाबाईंनी सांगून टाकलं, रविवारपर्यंत पडवी मोकळी पाहिजे.

कोंडाजी म्हणाला, "व्हय वैनी. मग मी बी सोमवारच्या मोटारीनं जातो. लोणावळ्यात एक दोस्त हाय, त्येच्या खोलीत ऱ्हाईन."

आणि त्यानं खरंच ट्रंक भरली. हे सारजाबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. पडवी मोकळी कर म्हटलं होतं, घर मोकळं कर कुठं म्हटलं होतं? पण शब्द मागं घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि आज रविवार होता.

"आजी, ह्या मोळ्या कुटं टाकू?"

ठाकरवाडीचा बुधा डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन अंगणात उभा होता. मागं त्याची बायको सोनी, तिच्याही डोक्यावर मोळी.

"अंगनात ठेवा. पडवी मोकळी व्हायची हाय."

"कवा व्हनार?"

"तुला काय पडलंय? बस तितं. तुळजा, ह्यास्नी च्या दे."

तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "कुटं हाय त्यो इंजनवाला?"

गोजराबाई आल्या होत्या. सारजाबाईंची नणंद, कोंडाजीची बहीण, ताम्हिणीला दिलेली. उन्हासाठी छत्री धरलेली, कपाळावर घाम, आणि चालण्यात भांडायला आल्याचा डौल.

सारजाबाईंनी सुनेकडं पाहिलं. तुळजा झटकन चहा ठेवायला आत पळाली. म्हणजे निरोप कुणी धाडला ते कळलं.

"वैनी, माज्या भावाला घराभायेर घालवताय म्हनं?" गोजराबाईंनी छत्री मिटून भिंतीला टेकवली.

"कुनी घालवलं? सोताच निगालाय त्यो."

"तुमी पडवी मागितलीत म्हनून निगाला."

"मग लाकडं काय तुज्या ताम्हिनीत ठिवू?"

"निम्मं घर त्येचं हाय, वैनी!"

"हाय की. निम्मं आढं बी त्येचंच व्हतं. डोस्क्यावरनं वाहताना कुटं व्हता, त्ये इचार त्याला."

हा सवाल गोजराबाईंच्याही पोटात चौतीस वर्षं होता. त्या तरातरा पडवीत गेल्या. हैबतराव आधीच तिथं दाराशी उभा होता. लाकडं त्यालाच रचायची होती, म्हणून आजवर तो आईच्या बाजूनं होता. सारजाबाई ओटीवरच बसून राहिल्या, पडवीकडं पाठ करून. पण कान काही पाठ करत नाहीत.

घोंगडं ओढल्याचा आवाज आला.

मग गोजराबाई म्हणाल्या, "अगं बया!" आणि पुन्हा, अगदी हळू, "अगं बया. ह्ये तर आपलं गाव."

सारजाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"ह्यो भैरोबा. ही नदी. आन् ह्यो आपला उंबर... दादा, उंबर ह्या अंगाला न्हवता, घराच्या मागं व्हता."

"पुढं व्हता," कोंडाजीचा आवाज.

"मागं! मी त्येच्या खाली खेळायची, मला ठावं न्हाई?"

"बाजूला व्हता," ओटीवरून सारजाबाई ओरडल्या. "उगवतीच्या बाजूला. दोघं बी खोटं बोलताय."

हैबतराव दारात आला. "आये, तू येऊन सांग ना. मी तर ते गाव बघितलंच न्हाई."

हे खरं होतं. तो पोटात होता. सारजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पडवीत पाऊल टाकायचं नाही ही शपथ होती, म्हणून त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. उंबरा पडवीत मोडत नाही.

आणि त्यांनी पाहिलं.

पडवीभर मातीचा मुलूख पसरला होता. ह्या टोकाला जुनं गाव, काडेपेट्यांची घरं, वर लाल मातीनं रंगवलेली कौलं. निळ्या पत्र्याची नदी. मध्ये डोंगर, शेणामातीनं सारवलेला, वर बारीक गवत चिकटवलेलं. त्या टोकाला माले, आणि मालेत हेच घर, ओटीसकट. आणि जुन्या घरापासून ह्या घरापर्यंत, नदीवरून, शेतांतून, डोंगर चढून, बांबूच्या कामट्यांवर बसवलेल्या छत्रीच्या काड्या. जिथं पाखराशिवाय काही सरळ गेलं नाही, तिथं कोंडाजीनं आगगाडी नेली होती.

गाडी जुन्या गावात उभी होती. इंजिन चहाच्या डब्याच्या पत्र्याचं, पोटात तबकडीच्या बाजाची, म्हणजे ग्रामोफोनची, स्प्रिंग. मागं पाच वाघिणी, मालगाडीचे असतात तसे उघडे डबे. सारजाबाई खाली वाकल्या. पहिल्या वाघिणीत तुरकाठीचे तुकडे, छपराच्या आढ्यासारखे बांधून ठेवलेले. दुसरीत चिंचोक्याएवढी कौलं. तिसरीत करवंटीचा पाळणा. चौथीत तुळशीवृंदावन. आणि शेवटच्या वाघिणीत कोटाची दोन बटणं एकावर एक, वरच्यात टाचणी खोचलेली.

"ह्ये काय?" त्यांनी विचारलं, जरी कळलं होतं.

"जातं," कोंडाजी म्हणाला. तो कोपऱ्यात उभा होता, हातात चिमटा, वरिष्ठापुढं उभं राहावं तसा. "वैनी, माज्या हाताखालनं रोज चाळीस वाघिनी जायच्या. एकेका वाघिनीत अख्खं घर मावतं. आन् माज्या घरचं जातं तुमच्या डोस्क्यावरनं गेलं. तुमी दोन जिवाच्या. अडतीस वर्षं मी गाड्या चढवल्या घाटात, दुसऱ्यांच्या. म्हनून म्हनलं, एक गाडी... एकदा तरी..." त्यानं चिमटा खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला.

"मग चालव की," गोजराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "हुभा काय ऱ्हायलास?"

कोंडाजीनं मान हलवली. "तेच तर होईना. चढत न्हाई."

त्यानं चावी दिली, इंजिन सोडलं. गाडी कुरकुर करत गावातून निघाली, पुलावरून खडखडली, डोंगराच्या पायथ्याला लागली. थोडी चढली. मग चाकं जागच्या जागी फिरू लागली, गाडी थरथरली आणि मागं घसरत येऊन नदीपाशी थांबली. तुळशीवृंदावन कलंडलं.

"महिना झाला. रूळ घासलं, राळ लावली, वाळू टाकली. रिकामी चढते. वझं घातलं की बसते."

"वझं कमी करा काका," हैबतराव म्हणाला.

"वझं कमी करून कसं चालंल? सगळं घर न्यायचं हाय."

हैबतराव उकिडवा बसला. त्यानं हात लावून उतार पाहिला, खाचराचा बांध पाहावा तसा. "लई खडा चढ हाय. हितनं भर घालून जरा..." आणि सारजाबाईंना कळून चुकलं, की हा पण गेला. लाकडं रचायला आलेला मुलगा आता डोंगर रचायला बसला होता.

पण त्यांची नजर दुसरीकडंच होती. काहीतरी टोचत होतं. त्यांनी चढावरच्या काड्यांवरून डोळा वर नेला, भैरोबाच्या पाठीमागून सरळ डोंगराच्या माथ्याला, खिंडीत.

"भावजी, ही वाट हितनं कुनी सांगितली तुमाला?"

"खिंडीनंच गेला न्हवं तुमी?"

"खिंडीनं?" सारजाबाई हसल्या, पण हसण्यात धार होती. "घराचं आढं घिऊन खिंडीनं? रिकाम्या हातानं चढताना तितं गुडघं तोंडाला लागत्यात. आमी काय माकडं व्हतो? आमी पान्याच्या टाक्याच्या अंगानं गेलो, आडव्या वाटंनं."

कोंडाजी त्यांच्याकडं बघतच राहिला. "पर मी बघितलं..."

"काय बघितलं? तुमी व्हता कुटं?"

"व्हतो." कोंडाजी खाली बसला. "घर उतरवतोय म्हनून भावाची चिठ्ठी आठ दिसांनी पोचली मला. सुट्टी मागितली, दिली न्हाई, तसाच निगालो. रातभर चालत डोंगरानं आलो. सकाळी खिंडीत हुभा ऱ्हायलो तर खाली गाव मोकळं. आपल्या घराच्या जागी नुसतं जोतं. म्हनलं, झालं, गेली सगळी. आता तिकडं जाऊन भावाला काय तोंड दावू? वझं वाहून झाल्यावर आलास, म्हनंल. तितनंच माघारी फिरलो."

दारात बुधा चहाची बशी घेऊन उभा होता, तो प्यायचा थांबला.

गोजराबाई म्हणाल्या, "आलाच व्हतास? आन् चौतीस वर्षं बोलला न्हाईस?"

"काय बोलू? आलो आन् परत गेलो, ह्ये सांगन्यापरीस आलोच न्हाई ह्ये बरं."

सारजाबाईंनी दाराची चौकट धरली. शपथ कुठं गेली कुणास ठाऊक, त्या पडवीत आल्या आणि मातीच्या डोंगरापाशी बसल्या.

"भावजी, आमी पंधरा दिस वाहत व्हतो," त्या म्हणाल्या. "घर उतरवून आधी सगळं टाक्यापाशी नेलं. मग तितनं रोज थोडं थोडं वर. तुमी खिंडीत हुभं व्हता तवा आमी ह्या अंगाला व्हतो, डोंगराच्या आडाला. तुमचं भाऊ तुमचीच वाट बघत व्हतं. येईल कोंडू, म्हनायचं, येईल. एक हाळी मारली असती तरी..."

कोंडाजीचं डोकं खाली गेलं होतं.

सारजाबाईंनी बोट ओलं केलं आणि मातीवर रेघ ओढली. "हितं टाकं. हितनं असं आडवं यायचं, ह्या दगडापत्तुर. हितं वझं टेकायची जागा. टेकायचं, दम खायाचा. मग तोंड फिरवायचं आन् उलट्या अंगानं असं वर. परत टेकायचं. वझं घिऊन सरळ वर जातं व्हय कुनी?"

कोंडाजीनं डोकं वर केलं. रेघेकडं पाहिलं, एकदा, दोनदा. मग त्याचे डोळे मोठे झाले.

"वैनी! ह्ये तर उलटं ठेसन!"

"कसलं ठेसन?"

"खंडाळ्याच्या घाटात व्हतं. गाडी आडवी चढायची, थांबायची, इंजन दुसऱ्या टोकाला लावायचं आन् उलटी वर जायची. मी नोकरीला लागलो त्येच ठेसनावर. नऊ वर्षं तेच केलं मी!" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आन् हितं सरळ रूळ टाकून बसलो."

"साहेबाच्या गाडीला अक्कल वापरली," सारजाबाई म्हणाल्या, "घरच्याला न्हाई."

मग पडवीला जाग आली. हैबतरावानं बाही मागं सारली आणि खाचरातली चिकण माती पाटीभर आणली. बुधानं बशी ठेवली आणि न सांगता कोयत्यानं बांबूच्या कामट्या काढायला लागला; त्याच्या हाताला ते कुणी शिकवावं लागत नव्हतं. तुळजा तूस आणि शेण मळून देत होती. जिथं रूळ फुटतो तिथं सांधा बसवायचा होता, म्हणजे गाडी एका वाटेवरून दुसरीवर जाईल. कोंडाजीनं हिशेब केला आणि त्याचं तोंड पडलं.

"चार काड्या कमी पडत्यात."

सगळे खुंटीवरच्या काळ्या कापडाकडं पाहू लागले, जणू तिथून अजून काही निघेल. सारजाबाई उठल्या, ओटीवर गेल्या आणि भिंतीला टेकलेली छत्री घेऊन आल्या.

"वैनी, ती माजी छत्री हाय!" गोजराबाई ओरडल्या.

"व्हय. आन् त्या वाघिनीत तुज्या म्हायेरचं आढं हाय."

"ऊन किती हाय भायेर! मी घरी जाऊ कशी?"

"जाऊ नगंस. ऱ्हा आठ दिस. न्हाईतरी भांडायाच आलीयास, नीट भांडून जा."

कातरी चालली. गोजराबाई पहिल्या काडीला हळहळल्या, दुसरीला गप्प झाल्या, तिसरी सरळ धरायला त्यांनीच हात पुढं केला.

ऊन उतरलं, गुरं गोठ्यात आली. चढाची माती अजून ओली होती, पण कोंडाजीला धीर नव्हता. त्यानं तुळशीवृंदावन सरळ केलं, चावी पूर्ण दिली. इंजिनाला हात लावणार तेवढ्यात सारजाबाई म्हणाल्या, "थांबा."

त्यांनी शेवटच्या वाघिणीतली दोन बटणं चिमटीत उचलली, पहिल्या वाघिणीत तुरकाठ्यांच्या पुढं ठेवली आणि टाचणी सरळ केली.

"जातं मागं न्हवतं. पुढं व्हतं. सगळ्यांच्या पुढं मी चालले. मागं वळून बघावं लागू नये, म्हनून."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हैबतरावानं आईकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

इंजिन सुटलं. गाव मागं पडलं, पूल वाजला. गाडी टाक्यापाशी आडवी वळली, हळूहळू, रडतखडत, वझं टेकायच्या जागेपर्यंत गेली आणि थांबली. कोंडाजीनं सांधा सरकवला, इंजिनाची दांडी उलटी केली. आता गाडी मागच्या तोंडानं चढायला लागली. चाकं एकदा फिरली. गोजराबाईंनी तुळजाचा दंड आवळला. चाकं धरली. दुसरं टेकणं. पुन्हा सांधा, पुन्हा दांडी. मग इंजिन माथ्यावर दिसलं, त्यामागं दोन बटणं, आढं, कौलं, पाळणा, तुळस. आणि सगळी गाडी पलीकडच्या उतारानं मालेतल्या काडेपेटीच्या घरापुढं जाऊन उभी राहिली. ओटीपाशी. अगदी ओटीपाशी.

बुधानं आधी टाळी वाजवली. मग हैबतराव एवढ्या मोठ्यानं हसला, की गोठ्यात बैलानं मान वर केली. कोंडाजी मात्र गाडीकडं बघत उकिडवाच बसला होता, आणि त्याच्या मिशीवरून पाणी खाली येत होतं.

"आजी," बुधानं विचारलं, "मंग ह्या मोळ्या कुटं टाकू?"

सारजाबाईंनी अंगणातल्या लाकडांकडं पाहिलं, मग ओटीकडं, जिथं त्यांची बसायची जागा होती, जिथून येणारंजाणारं सारं दिसायचं.

"ओटीवर रच. माज्या जागंवर. भिंतीला लावून."

"आये, आन् तू कुटं बसनार?" हैबतराव म्हणाला.

"मी हितं बसंन, पडवीत. कुनीतरी लक्ष ठिवायला पायजे, न्हाईतर परत खिंडीनं नेतील गाडी." मग त्या कोंडाजीकडं वळल्या. तो उठून उभा राहिला, चिमटा हातात, मघासारखाच.

"भावजी, नीट ऐका. तुमी चुकला. घरची मानसं कुठल्या वाटंनं गेली, त्ये घरात येऊन इचारायचं असतं, खिंडीत हुभं ऱ्हाऊन ठरवायचं नसतं. त्ये मी इसरायची न्हाई, मरंपत्तुर न्हाई. आता जावा, ती ट्रंक सोडा आन् कपडं खुंटीला लावा. आन् मिरगाच्या आत मला छत्री पायजे, वेताच्या मुठीची."